विमान रद्द झाले? ‘रिफंड’चे बटण लगेच दाबू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या, लग्नसराई आणि उत्तरेतले धुके सुरू झाले की आपल्या दैनिकात दोन-चार दिवसांनी एक बातमी येते : चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, अमुक विमान रद्द, नांदेडचे तमुक विमान पाच तास लेट, प्रवाशांचा गोंधळ. बातमीत गोंधळ असतो, कंपनीचा दिलगिरीचा मजकूर असतो. प्रवाशाला नेमके काय मिळायला हवे होते, हे मात्र नसते. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, यासाठी स्वतंत्र नियमपत्र आहे : सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. ते २०१० साली निघाले, पुढे त्यात सुधारणा झाल्या. काउंटरवर वाद घालताना एवढे नाव जरी अचूक घेतले तरी समोरच्याची भाषा बदलते.

सर्वात आधी त्या एसेमेसबद्दल. विमान रद्द झाले की मोबाइलवर एक लिंक येते. उघडली की दोन बटणे दिसतात, एक तारीख किंवा वेळ बदलण्याचे आणि दुसरे रिफंडचे. तारीख बदलण्याच्या पानावर सोयीचे काहीच दिसत नाही, म्हणून घाबरून माणूस रिफंड दाबतो. तिथे तिकीट संपले. नंतर ‘दुसऱ्या विमानाने पाठवा’ म्हणण्याचा हक्क व्यवहारात उरत नाही, आणि पुण्याहून किंवा मुंबईहून त्याच दिवसाचे तिकीट काढायला गेले तर परत मिळालेल्या पैशांच्या दुपटी-तिपटीला भिडते. निवड प्रवाशाची आहे, कंपनीची नाही, हे नियमात स्पष्ट आहे. म्हणून आधी काउंटरवर किंवा कस्टमर केअरला विचारा : तुमचे पुढचे विमान कुठून, किती वाजता आणि त्यात जागा आहे का? उत्तर मिळाल्यावर बटणाचे बघा.

आता नियम. रद्द झाल्याची सूचना किमान दोन आठवडे आधी मिळाली असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यापैकी प्रवाशाला जे मान्य असेल ते. भरपाई नाही. दोन आठवड्यांपेक्षा कमी, पण २४ तासांपेक्षा आधी कळवले असेल तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारे दुसरे विमान द्यायचे, नाही तर परतावा. २४ तासही आधी कळवले नाही, किंवा एकाच तिकिटावरचे जोडविमान त्यामुळे चुकले, तर प्रवाशाला मान्य असलेले दुसरे विमान, नाही तर पूर्ण परतावा आणि त्यावर भरपाई.

भरपाईची रक्कम ब्लॉक टाइमवर ठरते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची वेळापत्रकातली वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तो एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००. पण पुढे एक अट आहे, ती कुणी सांगत नाही : ही रक्कम किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यातले जे कमी असेल ते. समजा तिकीट ६,२०० रुपयांचे आहे आणि त्यात मूळ भाडे व इंधन अधिभार मिळून ४,१०० आहेत; बाकीचे विमानतळ शुल्क, जीएसटी वगैरे. ब्लॉक टाइम एक तास पाच मिनिटे असेल, तर ७,५०० नव्हे, ४,१०० मिळतील. अधिक ६,२०० परतावा, म्हणजे एकूण १०,३००. म्हणून भाड्याची फोड दाखवणारे तिकीट जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटाने पाठवलेल्या कागदावर बहुतेकदा एकच एकूण आकडा असतो. खरी फोड कंपनीच्या ईमेलमध्ये किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकल्यावर मिळते.

लिंकवरून फक्त परतावा येतो, भरपाई आपोआप येत नाही. ती वेगळी, लेखी मागावी लागते. ती रोख किंवा बँक खात्यात द्यायची असते. कूपन किंवा व्हाउचर द्यायचे तर त्याला प्रवाशाची सही लागते. परताव्याचेही तसेच. ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, पैसे ठेवायचे की परत घ्यायचे, हे प्रवासी ठरवतो. क्रेडिट कार्डावर काढलेल्या तिकिटाचा परतावा सात दिवसांत व्हायला हवा. तिकीट एजंटाकडून किंवा पोर्टलवरून घेतले असले तरी जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी मानला जातो. एजंट म्हणतो कंपनीने पैसे सोडले नाहीत, कंपनी म्हणते एजंटाला विचारा. या टोलवाटोलवीत पडू नका, तक्रारीत कंपनीला धरा.

एजंटाचा विषय निघालाच आहे तर इथली सर्वात महागात पडणारी चूक सांगतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातून, नेट कॅफेतून किंवा ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून तिकीट काढतात आणि तो मोबाइल नंबर व ईमेल स्वतःचा टाकतो. रद्द झाल्याचा एसेमेस त्याला जातो. तो झोपलेला असतो, आणि गंगाखेडहून पहाटे निघालेले कुटुंब विमानतळाच्या दारात उभे राहते. वर नियम असा आहे की, बुकिंगच्या वेळी प्रवाशाने पुरेसा संपर्क दिला नसेल तर भरपाई नाही. तिकीट हातात आल्या दिवशीच कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून स्वतःचा नंबर घाला आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

विलंबाच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. आपल्या नियमांत लेट झाल्याबद्दल रोख भरपाई नाही, मग विमान कितीही लेट होवो. युरोपात आहे, इथे मिळते ते खाणेपिणे, दुसरे विमान, परतावा आणि काही वेळा हॉटेल. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणेपिणे द्यायचे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तास आहे, त्याहून लांबच्या उड्डाणाला चार. चिकलठाण्याहून मुंबई, दिल्ली, हैदराबाद ही तिन्ही उड्डाणे अडीच तासांच्या आतली, म्हणून इथे लक्षात ठेवायचा आकडा एकच : दोन तास. देशांतर्गत विमान सहा तासांहून जास्त लेट होणार असेल तर सहा तासांच्या आतले दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा. हॉटेल मिळते ते २४ तासांहून जास्त विलंबाला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारे विमान सहा तासांहून जास्त लेट झाले तर. म्हणजे वेळापत्रकात ७.४५ लिहिलेले संध्याकाळचे विमान पहाटे ३ ला सुटले तरी या कलमाने हॉटेल नाही, आणि ८.०५ चे असते तर मिळाले असते. नियम लिहिणाऱ्याने कुठेतरी रेघ ओढायचीच होती, ती इथे ओढली.

विमान लेट दिसत असले तरी मूळ वेळेप्रमाणेच पोहोचा आणि चेक-इन करा. उशीर कमी होऊ शकतो, देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होते, आणि वेळेवर हजर नसलेल्या प्रवाशाचे विलंबाबद्दलचे हक्क तिथेच संपतात. मग ‘नो-शो’ अशी नोंद होते आणि पुढे भांडायला जागा राहत नाही.

तिकीट पक्के असूनही चढू दिले नाही, म्हणजे ओव्हरबुकिंगमुळे नाकारले, तर गणित वेगळे आणि जास्त फायद्याचे आहे. कंपनीने आधी स्वेच्छेने थांबायला कोण तयार आहे हे विचारायचे असते. कुणी तयार झाले नाही आणि तुम्हाला उतरवले, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारे विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आतले विमान दिल्यास मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १०,०००. २४ तासांनंतरचे दिल्यास ४०० टक्के, कमाल २०,०००. दुसरे विमान नको म्हटले तर पूर्ण परतावा आणि ४०० टक्के, कमाल तेच. वरच्याच तिकिटावर अनुक्रमे ८,२००, १६,४०० आणि परताव्यासह २२,६००. कमी विमाने असलेल्या शहरात ‘उद्याच्या याच विमानाने जा’ असे सांगतात, तेव्हा वेळापत्रक नीट बघा. उद्याची वेळ आजच्यापेक्षा दहा मिनिटांनी जरी पुढे असेल तर २४ तास ओलांडले आणि ८,२०० चे १६,४०० झाले. काउंटरवरचा माणूस हे स्वतःहून सांगणार नाही.

कंपन्यांची मोठी ढाल म्हणजे ‘असाधारण परिस्थिती’. राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप, हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोल, सुरक्षेचा धोका, आणि ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची इतर कारणे’. शेवटच्या तीन-चार शब्दांत काहीही कोंबता येते, आणि कोंबले जातेही. आपल्याकडे विमान लेट होण्याचे नेहमीचे कारण साधे आहे. दिल्लीहून किंवा मुंबईहून आलेले विमानच इथून परत जाते. चिकलठाण्याला किंवा नांदेडला राखीव विमान नसते, राखीव वैमानिक नसतात, आणि सुटा भाग लागला तर तो मोठ्या तळावरून यावा लागतो. सकाळी दिल्लीत झालेला उशीर दिवसभर साखळीने पुढे सरकतो आणि संध्याकाळच्या आपल्या विमानावर येऊन आदळतो. लाउडस्पीकरवर मात्र एकच वाक्य : ‘येणारे विमान उशिरा असल्यामुळे’. ते का उशिरा आहे, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा. पहिल्या ठिकाणी धुके होते, तर कंपनीची बाजू भक्कम. पहिल्या ठिकाणी वैमानिकांची ड्युटी संपली होती आणि बदली माणूस नव्हता, तर ते नियोजन कंपनीचे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या ड्युटी-विश्रांतीचे नवे नियम आधीच जाहीर होते. कमी पडली ती तयारी. अशा कारणाला असाधारण म्हणू देऊ नये.

हवामानाचे कारण पडताळून पाहता येते. विमानतळाचा ‘मेटार’ नावाचा हवामान अहवाल दर अर्ध्या-एक तासाने निघतो आणि तो इंटरनेटवर कुणालाही दिसतो. त्यात दृश्यमानता मीटरमध्ये दिलेली असते. त्याच वेळी त्याच विमानतळावरून दुसऱ्या कंपन्यांची विमाने सुटत होती का, हे विमानतळाच्या फलकावर किंवा फ्लाइट ट्रॅकिंगच्या अ‍ॅपवर दिसते. इतर विमाने उडत असताना फक्त तुमचे ‘हवामानामुळे’ रद्द झाले असेल, तर तो एक स्क्रीनशॉट पुढे ग्राहक आयोगासमोर दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त काम करतो. काउंटरवर विलंबाचे किंवा रद्द झाल्याचे प्रमाणपत्र मागा, त्यावर कारण लिहून घ्या. प्रवास विम्याचा दावा करायचा असेल तरीही हाच कागद लागतो.

धुक्याने झालेला उशीर म्हणजे पाणीही मिळणार नाही, असा अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिल्ली-हैदराबाद विमानाच्या धुक्यामुळे झालेल्या विलंबाच्या प्रकरणात उशिराबद्दल कंपनीला दोषी धरले नाही, पण खोळंबलेल्या प्रवाशांना किमान सोयी देण्याच्या जबाबदारीतून ‘आम्ही स्वस्त तिकीटवाले’ म्हणून सुटता येत नाही, हेही सांगितले.

उमरा, नोकरी किंवा शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी. इथून मुंबईचे तिकीट एका कंपनीचे आणि मुंबईहून जेद्दा किंवा दुबईचे दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या पीएनआरवर, असे काढले आणि पहिले विमान लेट झाल्याने दुसरे चुकले, तर दुसऱ्या तिकिटाला कुणीही जबाबदार नाही. संरक्षण एकाच तिकिटावरच्या जोडविमानाला आहे. वेगळी तिकिटे घ्यायचीच असतील तर मध्ये एक रात्र ठेवा, नाही तर रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडून एक दिवस आधी मुंबई गाठा. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे, तेव्हा उतरायचे कुठे आणि चढायचे कुठे हेही तिकिटावर वाचा. दोन्ही विमानतळ एकाच शहराच्या नावाने शोधात येतात.

सामानाचे थोडक्यात. दुसऱ्या विमानाने पाठवल्यावर बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधी ‘पीआयआर’ हा सामानाच्या तक्रारीचा फॉर्म भरून घ्या. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. देशांतर्गत प्रवासात कंपनीची कमाल जबाबदारी प्रतिप्रवासी २०,००० रुपये आहे, म्हणून दागिने आणि कागदपत्रे चेक-इन बॅगेत घालू नयेत.

तक्रारीचा रस्ता असा. आधी कंपनीने तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल : पीएनआर, विमान क्रमांक, मूळ वेळ, प्रत्यक्ष वेळ, मिळालेले संदेश, नियमपत्राचे नाव, आणि नेमकी किती रक्कम मागता हे. ‘योग्य ती भरपाई द्यावी’ असे लिहिले की उत्तरात दिलगिरी येते. आकडा लिहिला की त्यांना हो किंवा नाही म्हणावे लागते. समाधान नाही झाले तर त्याच कंपनीचे अपील प्राधिकारी. दोघांचेही पत्ते संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, फक्त ते पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतात. त्यानंतर केंद्र सरकारचे ‘एअरसेवा’ पोर्टल किंवा अ‍ॅप. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद होते आणि बरीच छोटी प्रकरणे तिथेच मिटतात.

तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला आहे म्हणून तिकडे जावे लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. परभणीच्या प्रवाशाने परभणीत, लातूरच्या प्रवाशाने लातुरात. तिकिटासाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मूळ तिकीट, बोर्डिंग पास, टॅक्सी-हॉटेलची बिले, पत्रव्यवहार आणि शपथपत्र जोडा. टॅक्सीचे बिल छापील किंवा यूपीआयच्या नोंदीसह घ्या, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर विरुद्ध बाजू हमखास बोट ठेवते. दुसरा मार्ग कायमस्वरूपी लोक अदालतीचा आहे. विमान वाहतूक ही तिथे सार्वजनिक उपयोगिता सेवा मानली जाते, आणि तडजोड झाली नाही तरी तिला निर्णय देता येतो. इतक्या लोकांना तो माहीत नाही की तिथे गर्दीही कमी असते.

आता मराठवाड्याचे मूळ दुखणे. ‘दोन तासांच्या आत दुसरे विमान’ हे कलम दिल्ली-मुंबईसाठी लिहिलेले आहे. तिथे तासाला विमान आहे. इथे एका कंपनीचे त्या शहराला दिवसातून एखाद-दुसरे विमान, नांदेडला तर काही मार्गांवर रोजही नाही, आणि लातूरची धावपट्टी नियमित प्रवासी विमानाची वाट बघत पडून आहे. म्हणजे दोन आठवडे ते एक दिवस या काळात विमान रद्द केले की कंपनीला परताव्यापलीकडे काहीही द्यावे लागत नाही. रिकाम्या जागा बघून चार दिवस आधी विमान मागे घेणे तिच्यासाठी जवळपास फुकट आहे. उरलेला पर्याय म्हणजे तिच्याच कंपनीचे पुण्याहून किंवा मुंबईहून, नांदेडकरांना हैदराबादहून सुटणारे विमान. ते मागितले तर बऱ्याचदा मिळते. पण संभाजीनगर ते पुणे सुमारे २३५ किलोमीटर गाडीने जाण्याचा खर्च कुणाचा, यावर नियमपत्र गप्प आहे. काउंटरवर हा खर्च मागा, नकार लेखी घ्या, आणि आयोगापुढे सेवेतील त्रुटी म्हणून तो मागणीत घाला.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत विमानतळ सल्लागार समितीतले खासदार आणि डीजीसीए यांच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो. ज्या विमानतळावरून कंपनीचे दोन तासांत दुसरे विमान नाही, तिथे जवळच्या विमानतळावरून विमान आणि तिथपर्यंतची गाडी, दोन्ही कंपनीच्या खर्चाने, असे कलम नियमपत्रात यावे. रद्द झाल्याच्या एसेमेसमध्ये कारण आणि नियमपत्राचा क्रमांक असावा, आणि रिफंडच्या बटणाआधी ‘हे दाबल्यास दुसऱ्या विमानाचा हक्क संपेल’ असे लिहिलेले असावे. आणि चिकलठाणा व नांदेडच्या चेक-इन काउंटरशेजारी प्रवाशांचे हक्क मराठीत, लांबून वाचता येतील अशा अक्षरात लावावेत. पहिल्या दोन गोष्टींना दिल्लीत वेळ लागेल. फलकाला फक्त एक फ्लेक्स आणि विमानतळ संचालकांची सही पुरेशी आहे.

आपला,
एक ग्राहक कार्यकर्ता,
छत्रपती संभाजीनगर